धरणाच्या संथ पाण्यावर पहिली कयाक: पवनेच्या काठावरून

पोहता येत नसेल तर कयाक, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची छोटी नाव, चालवता येईल का, हे प्रत्येक नवखा विचारतो. येईल. अट एवढीच की अंगावर मापाचं लाइफ जॅकेट हवं, ते घालून कमरेएवढ्या पाण्यात आधी तरंगून पाहिलेलं हवं आणि सोबत जाणता माणूस हवा. वारा किती वाजता सुटतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. धरणाच्या पाण्याला नदीसारखी ओढ नसते, समुद्रासारखी भरती-ओहोटी नसते. नवशिक्याला तिथे दमवतो, भरकटवतो आणि कधी उलटवतो तो वारा. पुढच्या बऱ्याचशा सूचना त्याच्यामुळेच आलेल्या आहेत.

उदाहरणासाठी मी मावळातलं पवना धरण घेतलं आहे. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर या चार किल्ल्यांच्या मधे पसरलेलं, साधारण साडेआठ टीएमसी साठ्याचं हे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं. मुंबईहून आणि पुण्याहूनही पहाटे निघून गाठता येतं आणि काठावर कयाक भाड्याने देणारे कॅम्पवाले बरेच आहेत. तुमच्याजवळचं पाणी वेगळं असेल, भंडारदरा किंवा नाशिकचं गंगापूर. तरी शिकायची रीत तीच.

पाणी निवडताना

धरण म्हणजे सार्वजनिक तलाव, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक जलाशय जलसंपदा विभागाचे आहेत, तर मुळशी, वळवण, शिरवटा, ठोकळवाडी ही वीजनिर्मितीसाठी बांधलेली टाटांची धरणं. खडकवासल्याच्या एका बाजूला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, त्या किनाऱ्याला लागायचं नाही. पवईच्या तलावात मगरी आहेत. कुठलंही पाणी निवडलं की तीन गोष्टी आधी विचाराव्यात: इथे नाव घालायला परवानगी आहे का, पाण्यात मगर आहे का, आणि धरणाच्या भिंतीपासून किती लांब राहायचं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेक धरणांवर आणि धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात. जून ते सप्टेंबर हे चार महिने नवशिक्याने कयाकचं नावच काढू नये.

पहिल्या वेळेला स्वतःची नाव विकत घेऊन एकट्याने जाण्यात शहाणपण नाही. भाड्याने देणाऱ्याकडे जा, पण त्याची परीक्षा घेऊन. त्याच्याकडे इंजिनाची बोट आहे का, आणि ती आत्ता चालू होते का? जॅकेटं वेगवेगळ्या मापांची आहेत की एकाच भगव्या ढिगातून ओढून द्यायची? सोबत येणारा मुलगा स्वतः जॅकेट घालतो का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जो स्वतः घालत नाही, तो तुमचं बक्कल लागलंय की नाही हे बघणार नाही. आणि “वारा वाढला तर पैसे परत मिळतील का?” हेही आधीच विचारून घ्या. नाही म्हणाला, तर वारा वाढल्यावरही तो तुम्हाला पाण्यात सोडेल असं समजा.

पवनेच्या काठावर रात्रीचा कॅम्प करून सकाळी कयाक, असा बेत बहुतेक जण आखतात. बेत चांगला आहे. रात्री दारू झाली असेल तर मात्र सकाळची कयाक रद्द करायची, त्यात घासाघीस नाही.

वाऱ्याचं वेळापत्रक

नकाशा उघडून सह्याद्रीतली धरणं पाहा. पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा: नदी पूर्वेकडे वाहते, म्हणून भिंत पूर्वेच्या टोकाला आणि पाणी पश्चिमेला घाटमाथ्याकडे पसरलेलं. उन्हाळ्यात सकाळी देशावरची जमीन तापली की दुपारकडे समुद्रावरचा वारा घाट चढून वर येतो. तो येतो पश्चिमेकडून आणि पाण्यावरच्या प्रत्येक हलक्या वस्तूला पूर्वेकडे, म्हणजे भिंतीच्या दिशेने लोटतो. जिथे जायला मनाई आहे, नेमकं तिकडेच तो तुम्हाला नेऊ पाहतो. सांडवा, दरवाजे, पाणी उचलणारा मनोरा हे सगळं त्याच बाजूला असतं.

त्यामुळे पहिला नियम: निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं. अंगात दम असतो तेव्हा कष्टाची बाजू उरकायची, परतताना वारा पाठीशी ठेवायचा. पहाटे वारा पडलेला असला तरी हाच नियम पाळा, कारण तो नंतर कुठून येणार हे तुम्हाला ठाऊक आहे. पवनेत म्हणजे काठाकाठाने पश्चिमेकडे, मग वळून परत. उलटं करणाऱ्याला सुरुवातीला फार मजा वाटते, दोन-चार हात मारले की नाव आपोआप पुढे जाते. परतताना मग रडकुंडी.

दुसरा नियम वेळेचा. उजाडल्यावर लगेच पाण्यात आणि साडेनऊ-दहाच्या आत बाहेर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात निवांत काळ. सकाळी पाणी आरशासारखं असतं, पण धुकंही असतं. समोरचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत थांबा, चहा घ्या. मार्चपासून वारा लवकर सुटतो. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर हे गडगडाटाचे महिने. वळीव आणि परतीचा पाऊस दोन्ही दुपारनंतर येतात आणि येताना आधी वाऱ्याचा जोरदार झोत पुढे पाठवतात. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती माणसं सहलीला निघालेली नव्हती. कयाक तर त्या बोटीपेक्षा कितीतरी हलकी.

फोनवर वाऱ्याचा अंदाज देणारं कुठलंही ॲप चालेल. त्यात तासागणिक आकडे बघा, नुसतं ‘आज ऊन’ असं चित्र बघून उपयोग नाही. ताशी दहा किलोमीटरच्या आत असेल तर शिकायला उत्तम. पंधराच्या आसपास काठ सोडू नका. वीस दिसला की नाश्ता करून घरी परत या. ॲप नसेल तर पाणी सांगतं: लाटांच्या माथ्यावर पांढऱ्या फेसाचे तुरे दिसू लागले की तुमची वेळ संपली. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप ठेवा, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. ॲपची वाट न बघता कानही वापरा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर ती लांब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पाण्यातून बाहेर पडायचं, आणि एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही.

नाव, वल्हं, जॅकेट

कयाक दोन जातींच्या. एकीत तुम्ही नावेच्या वर बसता, तिला सिट-ऑन-टॉप म्हणतात. दुसरीत खाचेत पाय घालून आत बसायचं, ती सिट-इन. भाड्याच्या ठिकाणी बहुधा पहिलीच मिळते, आणि नवशिक्याला तीच योग्य. ती रुंद असते, तळाला आरपार भोकं असतात त्यांतून पाणी आपोआप निघून जातं, आणि उलटली तरी बुडत नाही. भोकांतून थोडं पाणी वर येतं आणि बूड ओलं होतं. ते तसंच असतं, नाव फुटलेली नाही.

एकट्याची प्लास्टिकची कयाक साधारण तीन मीटर लांब आणि वीस-पंचवीस किलोची. दोघांची त्याहून लांब आणि बरीच जड. दोघांच्या नावेत मागचा दिशा सांभाळतो आणि पुढचा लय ठरवतो, मागच्याने पुढच्याचं वल्हं बघून आपलं मारायचं. इतकं आधी ठरलेलं नसेल तर वल्हं वल्ह्याला आपटतं आणि नवरा-बायकोची सकाळ वाया जाते. शिकायचं असेल तर दोघांनी दोन वेगळ्या कयाक घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांच्या नावेत एक जण शिकतो आणि दुसरा फोटो काढतो.

फुगवायच्या कयाक हल्ली खेळाच्या मोठ्या दुकानांत मिळतात आणि गाडीच्या डिकीत मावतात. निवांत पहाटेला ठीक. पण त्या पाण्यावर उंच बसतात, त्यामुळे वारा त्यांना सहज ढकलतो, आणि आपल्या धरणांच्या काठाला बाभळी असतात. एक काटा पुरतो.

वल्हं प्लास्टिकचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं. मध्यम उंचीच्या माणसाला अशा रुंद कयाकवर दोन मीटर वीस ते तीस सेंटिमीटरचं वल्हं बरं पडतं. फार आखूड असलं तर प्रत्येक वेळी नावेच्या कडेवर हात आपटतो.

आता जॅकेट. यावर वेळ घालवा. लेबल वाचा, त्यावर तरंगवण्याचा जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो: ५० न्यूटन लिहिलेलं जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करतं, पण शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ते वर करीलच असं नाही. पोहता न येणाऱ्याने १०० न्यूटनचं किंवा त्याहून वरचं मागावं. लेबल पुसून गेलेलं, फोम दाबल्यावर चुरचुरणारं, चेन अडकणारं, पट्टा दोरीने बांधलेलं जॅकेट परत द्या आणि दुसरं मागा, लाजू नका. घातल्यावर खालून वर पट्टे आवळा, आणि सोबत्याला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीवर, कानांपर्यंत सरकत असेल तर सैल आहे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल खालून निसटतं. आणि फोटोसाठी बक्कल काढायचं नाही. लोक नेमकं तेव्हाच काढतात.

कपडे लवकर वाळणारे. जीन्स भिजली की जड होते आणि पाय उचलत नाही. चपला पाण्यात सुटतात, मागे पट्टा असलेले फ्लोटर्स घाला. चष्म्याला दोरी. टोपीला दोरी. फोन पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये, आणि पाऊच गळ्यात न घालता नावेला बांधा. जॅकेटला शिट्टी अडकवलेली असावी, तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत हवी. खोऱ्यात नेटवर्क जातं-येतं, म्हणून ११२ आणि १०८ पाठ असले तरी त्यांच्या भरवशावर निघू नका. किती वाजता परतणार हे काठावर थांबलेल्या माणसाला सांगून निघा. पाणी एक लिटर, सोबत भुईमुगाची चिक्की. ऊन वरून लागतं तसं पाण्यावरून उलटूनही लागतं, हनुवटीखालीही क्रीम लावा.

बसायचं कसं

कयाकमध्ये बसताना लोक पडतात, चालवताना त्या मानाने कमी. गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी येईल अशा जागी नाव काठाला समांतर लावा. वल्हं नावेवर आडवं ठेवा. पाठ नावेकडे करून उभे राहा, आधी बूड मधोमध टेकवा, मग एकेक पाय आत घ्या. एक पाय नावेत आणि एक पाण्यात, अशी कसरत करू नका. नाव निघून जाते आणि पाय तिथेच राहतो.

बसल्यावर पाठ ताठ, गुडघे जरासे वाकलेले आणि टाचा पायखाचांत टेकलेल्या. पाठीचा पट्टा असा ओढा की मागे रेलता येणार नाही. आरामखुर्चीत बसल्यासारखं रेललं की सगळा भार हातांवर येतो आणि वीस मिनिटांत खांदे भरून येतात. मग कंबर सैल ठेवून नाव डावी-उजवीकडे मुद्दाम हलवून बघा. डोकं नावेच्या मध्यावर राहिलं तर ती उलटत नाही, हे अंगाला एकदा कळलं की निम्मी भीती जाते.

वल्हवणं

वल्हं डोक्यावर आडवं धरा, कोपर काटकोनात आले की हात योग्य जागी आहेत. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे. पातं असमान असेल तर लांब कड वर. मूठ सैल, इतकी की बोटं उघडता-मिटता येतील. घट्ट धरणाऱ्यांच्या तळव्यांना तासाभरात फोड येतात.

पुढे जायचं वल्हं पायाच्या बोटांजवळ पाण्यात उतरवायचं, पातं पूर्ण बुडू द्यायचं आणि कमरेपाशी आलं की बाहेर काढायचं. त्यापुढे मागे ओढत नेलं तर ते पाणी वर उचलतं आणि नाव वळवतं, पुढे नेत नाही. जोर हातांचा नाही, धडाचा लावायचा. उजवीकडे वल्हं मारताना उजवा खांदा पुढे जातो, मग पोटापासून वळत मागे येतो. जात्यावर दळताना कंबर जशी फिरते, तशी. हात फक्त वल्हं धरून ठेवतात. हे जमलं आहे की नाही ते दुसऱ्या दिवशी कळतं: दंड दुखत असतील तर हाताने ओढलंत, कुशी दुखत असतील तर बरोबर केलंत.

सुरुवातीला नाव सरळ जात नाही, सापासारखी जाते, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच सदोष नाव मिळाली आहे. कारण बहुतेक वेळा नजर. आपण नावेच्या टोकाकडे बघतो, ते जरा वळलं की घाबरून जोरात दुरुस्ती करतो आणि ते दुसरीकडे जातं. दूरचं काहीतरी पकडा. पवनेत तुंगचं सुळक्यासारखं टोक किंवा तिकोन्याचा त्रिकोण बरा पडतो. नजर तिथे आणि दोन्हीकडचे हात सारख्या जोराचे. गरज नसताना दुरुस्ती करू नका.

वळण्यासाठी वल्हं नावेपासून लांब, अर्धचंद्रासारखं फिरवायचं: पायाजवळून सुरू करून बाहेरून मागच्या टोकापर्यंत. उजवीकडे फिरवलं की नाव डावीकडे वळते. थांबायचं असेल तर पातं मागच्या बाजूला पाण्यात उभं दाबायचं, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, छोटे छोटे झटके. चार-पाचांत नाव थांबते. मागे जायला पुढे जायचीच रीत उलट करायची. पहिला अर्धा तास काठापासून पन्नास मीटरच्या आत एवढंच करा: सरळ जा, थांबा, वळा, मागे या. मुलं हे खेळून दहा मिनिटांत शिकतात, मोठी माणसं आधी सगळं समजून घ्यायला बघतात.

नवशिका शांत पाण्यात ताशी तीन-चार किलोमीटर जातो. म्हणजे दीड तासाच्या फेरीत जाऊन-येऊन चार-पाच किलोमीटर, मधे थांबणं धरून. धरणात समोरचा काठ नेहमी जवळ वाटतो, कारण मधे अंतराचा अंदाज द्यायला काहीच नसतं. पहिल्या काही फेऱ्यांत पाणी ओलांडू नका. काठाकाठाने जा, म्हणजे वारा आला तर पोहण्याच्या किंवा चालण्याच्या अंतरावर जमीन असेल.

लाटा आल्याच तर नाव त्यांना आडवी राहू देऊ नका. टोक लाटेकडे किंवा जरा तिरकं ठेवा आणि वल्हवत राहा. घाबरून नावेच्या कडा धरणं ही सगळ्यात वाईट प्रतिक्रिया. वल्हं पाण्यात असतं तोवर तुमच्याकडे तिसरा पाय असतो.

मुद्दाम उलटा

हा भाग लोक टाळतात. पाणी थंड आहे, केस भिजतील, नंतर बघू. माझं म्हणणं: ज्याने काठाजवळ एकदा मुद्दाम उलटून पुन्हा नावेवर चढून दाखवलेलं नाही, त्याने काठ सोडू नये. छातीएवढं पाणी, तळ स्वच्छ, जाणता माणूस बाजूला उभा. मग एका बाजूला झुका आणि पडा.

पडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे नाव सोडायची नाही. जॅकेट तुम्हाला वर आणतंच, पण वाऱ्यात मोकळी कयाक तुमच्यापेक्षा वेगाने निघून जाते आणि तिच्यामागे पोहण्यात माणूस संपतो. एक हात नावेला, दुसऱ्या हाताने वल्हं. नाव पालथी असेल तर मधोमध या, तळावरून पलीकडची कड किंवा दोरी धरा, गुडघा अलीकडच्या कडेला लावून मागे झुका. ती सुलटी होते.

मग चढायचं. नावेच्या बाजूला मध्यावर या, दोन्ही हात आडवे पसरून पलीकडे टाका. पाय मागे पाण्याच्या वर आणून जोरात मारा, पोहताना मारतो तसे, आणि पोट नावेवर सरकवा. हाताच्या जोरावर उभं चढायला गेलात तर नाव तुमच्यावर येईल. पोट आडवं टेकलं की थांबा, श्वास घ्या. मग कुशीवर वळून बूड जागेवर आणा, शेवटी पाय आत. आधी पोट, मग बूड, मग पाय, याच क्रमाने. पहिल्यांदा जमत नाही, दोन-तीनदा घसरायला होतं. वजन जास्त असेल किंवा खांद्यात ताकद कमी असेल तर सोबत्याने त्याची नाव तुमच्या नावेला समांतर लावून दोन्ही घट्ट धरायच्या, तुम्ही दुसऱ्या बाजूने चढायचं. तेही सरावात करून पाहा.

इतकं करूनही चढता येत नसेल तर नावेला धरून काठाकडे पाय मारत जायचं. म्हणूनच काठाकाठाने जायला सांगितलं.

सिट-इनची गोष्ट वेगळी. ती उलटली की डोकं खाली आणि पाय खाचेत. पुढे झुका, खाचेची कड दोन्ही हातांनी धरा आणि पँट काढतो तसे पाय बाहेर ढकला. नाव पाण्याने भरते आणि पंपाशिवाय एकट्याला ती रिकामी करणं जवळजवळ अशक्य. आपण शिकतोय तोवर तिच्या नादी लागायला नको.

पाण्यावरचे शेजारी

धरणात तुमच्याआधीपासून माणसं आहेत. सकाळी मासेमारी करणारे ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळी काढत असतात. पाण्यावर ओळीने रिकाम्या बाटल्या किंवा थर्मोकोलचे तुकडे दिसले की खाली जाळं आहे असं समजा, वळसा घाला. जाळ्यात वल्हं अडकलं तर ओढाताण करू नका, हळूच सोडवा. जाळं फाटलं तर त्याच्या दिवसाची कमाई गेली. हाक मारून “दादा, कुठून जाऊ?” विचारलं की ते वाट दाखवतात, शिवाय वारा कुठून येणार हेही सांगतात. त्यांचा अंदाज ॲपपेक्षा बरा असतो.

पवनेच्या तळाशी गावांच्या जमिनी आहेत आणि त्या माणसांच्या पुढच्या पिढ्या आजही काठावर राहतात. वर आलेल्या गाळपेराच्या जमिनीत कुणाचं पीक असेल तर त्यातून नाव ओढत नेऊ नये.

पाण्याची पातळी महिन्यागणिक बदलते. ऑक्टोबरात काठ झाडीला टेकलेला असतो, मेमध्ये तोच काठ दूर आत गेलेला. उतरणाऱ्या पाण्यात झाडांचे बुंधे, जुन्या भिंती, बांध वर येतात किंवा, त्याहून वाईट, वीतभर खाली राहतात. उजनीत पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात असंच डोकं वर काढतं. आणि गाळ: वरून सुकून भेगाळलेला, खाली लोण्यासारखा. उतरताना आधी वल्ह्याने टोचून बघा. मुरूम किंवा खडक लागेल तिथेच पाय टाका. गाळात गुडघ्यापर्यंत पाय गेलाच तर उभ्याने झटापट करू नका, नावेवर पोट टाकून पाय हळूहळू सोडवा.

कनू मिळाली तर

आपल्याकडे कनू भाड्याने क्वचित दिसते. ती उघडी नाव, आणि वल्ह्याला एकच पातं. दोघांनी दोन बाजूंना वल्हवायचं, मागच्याने दिशा धरायची. गुडघ्यांवर बसलं तर ती स्थिर राहते, बाकावर बसलं तर डुलते. एकाच बाजूने वल्हवलं की नाव उलट बाजूला वळते, म्हणून मागचा माणूस प्रत्येक हाताच्या शेवटी पातं जरा बाहेर ढकलतो. ही युक्ती हाताला बसायला कयाकपेक्षा जास्त वेळ लागतो. सामान खूप मावतं, पण उघड्या नावेच्या उंच कडांना वारा चांगलाच धरतो. धरणावर आधी कयाक, नंतर कनू.

बाहेर आल्यावर

ओले कपडे लगेच बदला, हिवाळ्यात वाऱ्याने हुडहुडी भरते. खांदे आणि कंबर ताणा. नाव स्वतःची असेल तर तिच्यातलं पाणी तिथेच काठावर ओतून टाका आणि जलपर्णीचा तुकडासुद्धा चिकटलेला राहू देऊ नका, एका तलावातली जलपर्णी दुसरीकडे अशीच पोचते. जॅकेट सावलीत वाळवा, उन्हात ठेवलं की कापड आणि पट्टे लवकर जातात.

चार-पाच सकाळी अशा काठाकाठाने झाल्या, चढण्याचा सराव झाला, की मोठ्या पाण्याचा विचार करता येईल. भंडारदऱ्याला भिंत शेंडीजवळ आणि दुसऱ्या टोकाला रतनवाडी. म्हणजे पवनेसारखीच रचना, फक्त पाण्याचा साठा मोठा. तिथे जाणत्या गटाबरोबर शेंडीच्या बाजूने पहाटे निघा, पश्चिमेला जाता येईल तितकं जा आणि नऊ वाजता, कुठेही असलात तरी, नाव वळवा.